प्रोग्रामिंगची व्यावसायिक साधने कायदेशीर मार्गाने विनामूल्य कशी मिळवावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः चार प्रकारच्या वाचकांचे आहेत : अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षण संपवून नोकरी शोधणारे, घरून कामे घेणारे फ्रीलान्सर आणि पाच-दहा माणसांची लहान कंपनी चालवणारे. चौघांनाही एकच सॉफ्टवेअर हवे असले तरी उत्तर चौघांसाठी सारखे नसते. म्हणून कोणतेही उत्तर वाचताना आपण या चौघांपैकी कोण, हे आधी ठरवावे.

कंपन्या महागडी साधने फुकट का देतात? यात काही गोम आहे का?

गोम नाही, हिशेब आहे. कॉलेजात ज्या साधनावर हात बसतो तेच साधन माणूस पुढे नोकरीत मागतो आणि तेव्हा पैसे त्याची कंपनी भरते. मायक्रोसॉफ्टने २००८ साली विद्यार्थ्यांसाठी ड्रीमस्पार्क ही योजना काढली ती याच विचाराने. पुढे तिचे नाव बदलून इमॅजिन झाले आणि आता ती अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊड सेवेच्या शैक्षणिक योजनेत सामावली गेली आहे. दुसरे कारण स्पर्धेचे आहे. जीसीसी, एक्लिप्स, नेटबीन्स अशी चांगली मुक्त साधने उपलब्ध असताना केवळ संपादक (कोड लिहिण्याचे साधन) आणि कंपायलर (लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम) विकून पैसे मिळवणे अवघड झाले, त्यामुळे साधन विनामूल्य द्यायचे आणि कमाई क्लाऊड सेवेतून किंवा मोठ्या कंपन्यांच्या वर्गणीतून करायची, हा मार्ग रूढ झाला.

‘फ्री’ लिहिलेले असले की कोणत्याही कामाला वापरता येते का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. डाऊनलोडचे बटण सर्वांना सारखेच दिसते, पण परवानगी वापरणारा कोण, काम कशासाठी आणि त्यातून कमाई कोणाची, हे पाहून दिलेली असते. एकाच लॅपटॉपवरचे तेच सॉफ्टवेअर सकाळी अभ्यासासाठी वापरले तर कायदेशीर आणि संध्याकाळी ग्राहकाच्या कामाला वापरले तर बेकायदेशीर, असे खरोखर घडू शकते.

ढोबळमानाने चार प्रकार लक्षात ठेवावेत. पहिला ओपन सोर्सचा, म्हणजे ज्यांचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशा जीसीसी, पायथन, पोस्टग्रेस (डेटाबेस), गिट यांचा. ही साधने कोणीही, कोणत्याही कामाला, कमाईसाठीसुद्धा वापरू शकतो. दुसरा प्रकार कंपनीच्या मालकीच्या पण सर्वांना विनामूल्य असलेल्या साधनांचा, उदाहरणार्थ अँड्रॉइड स्टुडिओ किंवा ॲपलचे एक्सकोड. तिसऱ्या प्रकारात विनामूल्य वापराला उत्पन्नाची किंवा माणसांच्या संख्येची मर्यादा असते. चौथा प्रकार केवळ शिक्षणासाठी किंवा बिगर-व्यापारी कामासाठी असतो. पहिल्या दोघांत फारशी काळजी करावी लागत नाही. अटी वाचण्याचे कष्ट घ्यायचे ते तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात.

मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. सुरुवात कुठून करावी?

गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाच्या स्टुडंट डेव्हलपर पॅकपासून. ही योजना २०१४ पासून चालू आहे आणि एकाच पडताळणीत अनेक कंपन्यांच्या सेवा त्यातून मिळतात. पदवी किंवा पदविका देणाऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश असावा आणि वय किमान १३ असावे, एवढी मूळ पात्रता आहे. म्हणजे पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनीही मागे राहू नये.

अर्ज अडतो तो बहुधा कागदपत्रांवर. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांच्या ओळखपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर गिटहबच्या खात्यावर विद्यार्थ्याने नुसते नाव किंवा एखादे टोपणनाव घातलेले असते. अर्ज करण्यापूर्वी खात्याच्या बिलिंगच्या माहितीत पूर्ण नाव ओळखपत्रावरील स्पेलिंगप्रमाणेच भरावे. दुसरी अडचण तारखेची असते. ओळखपत्रावर चालू शैक्षणिक वर्ष छापलेले नसेल तर ऑफिसमधून त्या वर्षाचा उल्लेख असलेले बोनाफाईड घ्यावे किंवा तारीख असलेली फीची पावती काढून ठेवावी. कॉलेजने स्वतःच्या डोमेनचा ईमेल दिला असेल तर तो खात्याला जोडावा, त्याने काम बरेच सोपे होते. अर्ज भरताना ब्राऊझर ठिकाणाची परवानगी मागतो. शक्य असेल तर हा सोपस्कार कॉलेजच्या आवारातच उरकावा.

त्यानंतर जेटब्रेन्स या प्रोग्रामिंगची साधने बनवणाऱ्या कंपनीचा शैक्षणिक परवाना घ्यावा. तो एक वर्षाचा असतो आणि शिक्षण चालू असेपर्यंत दरवर्षी नव्याने मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘अझूर फॉर स्टुडंट्स’ या योजनेत १०० डॉलरचे क्रेडिट मिळते आणि त्यासाठी क्रेडिट कार्ड लागत नाही, ही आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

विद्यार्थी परवान्यावर बाहेरचे पैशाचे काम केले तर चालते का?

चालत नाही. शेजारच्या दुकानदाराला वेबसाइट करून देऊन पाच हजार रुपये घेतले तर ते काम व्यापारीच ठरते. रक्कम लहान आहे हे कारण इथे उपयोगी पडत नाही. इंटर्नशिपमध्येही कंपनीचा प्रत्यक्ष कोड लिहायचा असेल तर परवाना कंपनीने द्यायला हवा, आणि तसा तो मागण्यात संकोच करण्याचे काहीच कारण नाही. उलट, इंटर्नला स्वतःचा विद्यार्थी परवाना वापरायला सांगणारी कंपनी आपला खर्च तुमच्या नावावर ढकलत असते. अशा वेळी व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा संपादक किंवा जेटब्रेन्सच्या इंटेलिज आयडियाचा ओपन सोर्स भाग वापरून काम करावे. इंटेलिजची कम्युनिटी आवृत्ती २००९ मध्ये अपाची परवान्याखाली खुली झाली, आणि त्या परवान्याला व्यापारी वापराचे वावडे नाही.

शिक्षण संपले, नोकरी अजून नाही. आता विद्यार्थीही नाही आणि व्यावसायिकही नाही, अशांचे काय?

या मधल्या काळातल्या लोकांची पूर्वी खरोखर कुचंबणा होत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जेटब्रेन्सने वेबसाठीचे वेबस्टॉर्म आणि डॉट नेटसाठीचे (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग यंत्रणेसाठीचे) रायडर ही साधने बिगर-व्यापारी वापरासाठी विनामूल्य केली आणि मे २०२५ मध्ये सी आणि सी++ साठीचे सीलायनही त्यात आले. शिकणे, हौशी प्रकल्प, मोबदल्याविना केलेले ओपन सोर्स काम, इतकेच नव्हे तर शिकवण्याचे व्हिडिओ बनवणे हेही त्यांनी या व्याख्येत घेतले आहे. मोबदला मात्र एक आहे : या परवान्यावर साधन कसे वापरले जाते याची निनावी आकडेवारी कंपनीकडे जाते आणि ती बंद करण्याची सोय नसते. ज्यांना हे पसंत नाही त्यांनी ओपन सोर्स साधन वापरावे.

व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी आमच्या कंपनीत वापरता येईल का?

या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण याबाबत चुकीची माहिती सर्वाधिक पसरलेली दिसते. व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग साधनाची ही विनामूल्य आवृत्ती नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. एकटा प्रोग्रामर स्वतःचे ॲप बनवून विकत असेल तर त्याला ती पूर्णपणे विनामूल्य आहे. वर्गातले शिक्षण, शैक्षणिक संशोधन आणि ओपन सोर्स प्रकल्प यांसाठी ती कोणत्याही संस्थेत कितीही जण वापरू शकतात. या तीन कामांपलीकडे संस्थेचा आकार पाहिला जातो. संस्थेत २५० पेक्षा जास्त संगणक किंवा वापरकर्ते असतील, किंवा तिचे वार्षिक उत्पन्न १० लाख अमेरिकी डॉलरच्या वर असेल, तर ती ‘एंटरप्राइझ’ ठरते आणि तिथे कम्युनिटी आवृत्ती चालत नाही. या मर्यादेखालच्या संस्थेत एका वेळी जास्तीत जास्त पाच जणांना ती वापरता येते.

उदाहरण घेऊ. नाशिकमधल्या एका कंपनीत बारा माणसे आहेत, वार्षिक उलाढाल तीन कोटी रुपये आहे आणि त्यातले चार जण डॉट नेटमध्ये काम करतात. ही कंपनी नियमात बसते. सहावा डॉट नेट प्रोग्रामर आला की त्याच्यासाठी प्रोफेशनल परवाना घ्यावा लागेल किंवा त्याला दुसऱ्या साधनावर काम द्यावे लागेल. आता पुण्यातला एक फ्रीलान्सर पाहा. तो एकटाच आहे, त्याचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला दहा लाख रुपये आहे, पण तो कंत्राटावर एका बड्या बँकेचे काम करतो. ग्राहक एंटरप्राइझ असल्यामुळे त्या कामापुरती ही आवृत्ती त्याला चालत नाही, कारण एंटरप्राइझच्या कर्मचाऱ्यांना जी बंदी आहे ती तिच्या कंत्राटदारांनाही लागू आहे. ‘मी तर एकटाच आहे’ या समजुतीवर निर्धास्त राहणाऱ्या फ्रीलान्सरांनी हे कलम स्वतः वाचावे आणि परवाना कोण देणार हे कंत्राट करतानाच लिहून घ्यावे.

व्हीएस कोडलाही हेच नियम आहेत का?

नाहीत. नावातल्या साम्यामुळे हा घोळ होतो. व्हीएस कोड व्यापारी कामालाही, कितीही मोठ्या कंपनीत, विनामूल्य आहे. त्याचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, मायक्रोसॉफ्टने बांधून दिलेली प्रत मात्र तिच्या स्वतःच्या परवान्याखाली येते. पूर्ण खुली प्रतच हवी असेल तर व्हीएसकोडियम आहे. व्हीएस कोडमध्ये टाकलेल्या प्रत्येक एक्स्टेन्शनचा (जोड-प्रोग्रामचा) परवाना वेगळा असतो, तो तपासावा.

डेटाबेसचे काय? एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल शिकायचे आहे.

एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती २०१६ पासून विनामूल्य आहे आणि तिच्यात सर्वात महाग एंटरप्राइझ आवृत्तीतल्या सर्व सोयी असतात. अट एकच, पण कडक आहे : तिच्यावर प्रत्यक्ष धंद्याचा कारभार चालवता येत नाही. ग्राहकाकडे बसवलेल्या बिलिंगच्या प्रोग्रामच्या मागे डेव्हलपर आवृत्ती ठेवणे हा सर्रास दिसणारा, पण स्पष्ट नियमभंग आहे. अशा ठिकाणी एक्सप्रेस आवृत्ती बसवावी. ती प्रत्यक्ष वापरालाही विनामूल्य आहे. तिच्यात एका डेटाबेसला २०२२ च्या आवृत्तीपर्यंत १० जीबीची मर्यादा होती, २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली. लहान दुकान किंवा दवाखान्याला दहा जीबी संपवायलाही बरीच वर्षे लागतात. ओरॅकलचीही विनामूल्य आवृत्ती आहे. तिच्यात दोन सीपीयू, २ जीबी मेमरी आणि १२ जीबी डेटा एवढी मर्यादा असते आणि शिकण्यासाठी ती पुरून उरते. मात्र नवा प्रकल्प आपल्याच निवडीने सुरू करायचा असेल तर पोस्टग्रेस घ्यावा, म्हणजे मर्यादा आणि अटी या दोन्हींचा विचारच करावा लागत नाही.

जावा फुकट आहे की नाही?

जावा भाषा आणि ओपनजेडीके (जेडीके म्हणजे जावात प्रोग्राम बनवण्याचा साधनसंच, त्याची खुली प्रत) विनामूल्य आहेत. ओरॅकलच्या नावाने मिळणारी जेडीके कधी विनामूल्य असते, कधी नसते. एप्रिल २०१९ पासून जावा ८ च्या नव्या सुधारणा व्यापारी वापरासाठी सशुल्क झाल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये जावा १७ बरोबर ओरॅकलने पुन्हा उदार परवाना आणला, पण तोही मुदतीचा : दीर्घकालीन पाठबळाची पुढची आवृत्ती आल्यानंतर एक वर्षाने जुन्या आवृत्तीच्या नव्या सुधारणा त्या परवान्याखाली मिळेनाशा होतात. जानेवारी २०२३ पासून तर सशुल्क वर्गणीचा हिशेब जावा वापरणाऱ्यांवर न होता कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांवर होतो. म्हणजे जावा दोघेच वापरत असले तरी अकाउंट्स विभागातली माणसेही मोजली जातात.

यातून सुटका अगदी सोपी आहे. एक्लिप्स टेमुरिन किंवा ॲमेझॉन कोरेटो यांपैकी एक बसवावी. दोन्ही ओपनजेडीकेवरच आधारलेल्या आहेत, व्यापारी कामालाही विनामूल्य आहेत आणि बहुतेक प्रोग्रामांना फरक जाणवतही नाही. लहान कंपनीने ओरॅकलची जेडीके मुद्दाम ठेवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

पूर्वी फुकट असलेले साधन अचानक सशुल्क होते का?

होते. प्रोग्राम त्याच्या गरजेच्या सामानासकट वेगळ्या ‘डब्यात’ चालवणाऱ्या डॉकर डेस्कटॉपने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी नव्या अटी जाहीर केल्या : २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि एक कोटी डॉलरपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न, या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या कंपन्यांनाच ते विनामूल्य राहिले. व्यक्तिगत वापर आणि शिक्षण यांना धक्का लागला नाही, आणि लिनक्सवरचे डॉकर इंजिन ओपन सोर्सच आहे. ॲनाकोंडा या पायथनच्या संचाच्या बाबतीतही २०२० मध्ये मोठ्या संस्थांसाठी नियम बदलले. तिथे मिनीफोर्ज आणि कोंडा-फोर्ज ही वाट मोकळी आहे. उलटे उदाहरणही आहे. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो वर्षानुवर्षे विकत घ्यावे लागे, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यापारी वापरासकट विनामूल्य झाले.

याच कामाच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या बाबतीत विशेष जपावे. मूळ सॉफ्टवेअर जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली खुले आहे. पण त्याच पानावरून उतरवता येणारा ‘एक्स्टेन्शन पॅक’ वेगळ्या परवान्याचा आहे, आणि तो फक्त व्यक्तिगत, शैक्षणिक किंवा चाचणीपुरत्या वापराला विनामूल्य आहे. दोन्ही फायली एकमेकींखाली असतात, दोन्ही पैसे न मागता उतरतात, आणि ऑफिसच्या संगणकावर दुसरी फाईल टाकताना आपण सीमा ओलांडली हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

ट्रायल संपल्यावर पुन्हा इन्स्टॉल करून किंवा तारीख मागे करून वापरले तर?

तो परवान्याचा भंग आहे. सॉफ्टवेअर बंद पडत नाही म्हणजे परवानगी आहे, असेही नव्हे. सब्लाइम टेक्स्ट चाचणीसाठी कितीही दिवस उघडते, तरीही नियमित वापरासाठी परवाना विकत घ्यावा असे त्याच्या अटींत स्पष्ट म्हटले आहे.

ऑनलाइन बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ खऱ्या असतात का?

की चालते, पण परवाना मिळत नाही. अशा की बहुधा कुठल्या तरी संस्थेच्या घाऊक परवान्यातून किंवा डेव्हलपर वर्गणीतून बाहेर काढलेल्या असतात आणि त्या विकण्याचा अधिकार विकणाऱ्याला नसतो. बिल मिळाले तरी ते कंपनीच्या ऑडिटमध्ये टिकत नाही.

क्रॅक केलेले सॉफ्टवेअर घरी वापरल्यास खरोखर शिक्षा होऊ शकते का?

भारताच्या कॉपीराइट कायद्याचे, म्हणजे १९५७ च्या कायद्याचे, कलम ६३ब नेमके यासाठी आहे. संगणक प्रोग्रामची बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. घरात वापरणाऱ्या विद्यार्थ्याच्या दारात पोलीस येण्याची शक्यता कमी असते हे खरे, पण ग्राहकाची कामे करणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये.

कायद्यापेक्षा जवळचा धोका व्हायरसचा आहे. त्याचे उत्तम उदाहरण तर चक्क फुकट साधनाचे आहे. एक्सकोड ॲपलकडून विनामूल्य मिळते, तरीही २०१५ मध्ये चीनमधल्या अनेक प्रोग्रामरनी अधिकृत डाऊनलोड फार हळू होते म्हणून बायडू या चिनी कंपनीच्या सेवेवर ठेवलेली प्रत उतरवली. त्या प्रतीत कोणीतरी फेरफार केलेले होते. त्यामुळे तिच्यावर बांधलेल्या प्रत्येक ॲपमध्ये घातक कोड शिरला आणि ती ॲप्स ॲपलच्या ॲप स्टोअरवर पोहोचली. वीचॅटची एक आवृत्तीही त्यात होती. हा प्रकार एक्सकोडघोस्ट या नावाने ओळखला जातो. तेव्हा टेलिग्रामच्या ग्रुपवरून किंवा मित्राच्या पेन ड्राइव्हवरून कंपायलर घेण्यापूर्वी विचार करावा. तुमचा संगणक बिघडेल हे एक, पण तुम्ही ज्यांना ॲप द्याल त्यांचेही नुकसान होईल.

कॉलेजात अजून टर्बो सी++ आहे. ते इतके जुने आहे, म्हणजे फुकटच ना?

जुने झाले म्हणून सॉफ्टवेअर मोकळे होत नाही. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि संगणक प्रोग्राम कायद्याने साहित्यकृतीतच मोडतो. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बांधून हातोहात फिरणाऱ्या प्रतीबरोबर कसलाच परवाना येत नसतो. पण खरा आक्षेप वेगळा आहे. सी++ चे पहिले अधिकृत प्रमाण १९९८ चे, टर्बो सी++ त्याआधीचे. त्यावर शिकलेली मुले त्यातल्या कोनिओ, क्लिअर-स्क्रीन अशा जुन्या गोष्टी घोकतात आणि मुलाखतीत अडखळतात. जीसीसी आणि कोड-ब्लॉक्स विनामूल्य आहेत, जुन्या संगणकावरही चालतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये काय लिहायचे एवढाच प्रश्न असेल तर तो सरांशी बोलून सोडवावा.

आमच्या कॉलेजला मॅटलॅब हे गणिती आकडेमोडीचे सॉफ्टवेअर परवडत नाही. पर्याय आहे का?

आहे, आणि तो आपल्या मुंबईतूनच चालतो. आयआयटी मुंबईचा फॉसी हा प्रकल्प केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने शिक्षणसंस्थांना सशुल्क सॉफ्टवेअरकडून मुक्त सॉफ्टवेअरकडे वळायला साहाय्य करतो. सायलॅबसारखी साधने त्याने कॉलेजांत नेली; सर्किट डिझाइनसाठीचे ईसिम तर त्याने स्वतःच तयार केले. मॅटलॅबचा कोड जवळपास जसाच्या तसा चालवायचा असेल तर जीएनयू ऑक्टेव्ह अधिक सोयीचे पडते. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात लिनक्स, सी, जावा, पायथन, सायलॅब अशा विषयांचे लहान लहान धडे आहेत आणि त्यांतले बरेच मराठी आवाजातही आहेत. इंग्रजी माध्यमाची सवय नसलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ते जरूर दाखवावेत.

क्लाऊडच्या विनामूल्य योजनेत कार्ड देणे सुरक्षित आहे का?

कार्ड न मागणारी योजना उपलब्ध असेल तर तीच घ्यावी. कार्ड द्यावेच लागले तर हे पक्के लक्षात ठेवावे की ‘बजेट अलर्ट’ सहसा फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. सराव संपला की मशीन नुसते बंद न करता तिची डिस्क आणि राखून ठेवलेला आयपी पत्ता हेही काढून टाकावे, कारण बिल बहुधा या विसरलेल्या वस्तूंचेच येते.

गेम किंवा मोबाइल ॲप बनवून विकायचे आहे. कुठे पैसे भरावे लागतील?

साधनांना सुरुवातीला नाही. युनिटी या गेम बनवण्याच्या साधनाची पर्सनल आवृत्ती मागील बारा महिन्यांत दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न किंवा भांडवल असलेल्यांना विनामूल्य आहे. अनरिअल इंजिन घेतल्यास एखाद्या गेमची एकूण कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर पाच टक्के रॉयल्टी द्यावी लागते. खर्च येतो तो प्रकाशनाला : गूगल प्लेवर खाते उघडताना एकदाच २५ डॉलर आणि ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. ॲपलचे पैसे भरण्यापूर्वी ॲप एक्सकोडमधून स्वतःच्या फोनवर चालवून पाहता येते, त्यामुळे ते पूर्ण होईपर्यंत वर्गणी घेण्याची घाई करू नये.

परवाना आहे याचा पुरावा म्हणून काय जपून ठेवावे?

मंजुरीचा ईमेल, परवाना कोणाच्या नावावर आहे आणि कधी संपतो याची नोंद, आणि इन्स्टॉल केले त्या दिवशीच्या अटींच्या पानाची पीडीएफ. अटींचे पान कंपनी केव्हाही बदलते, म्हणून तारखेसह जपलेली प्रत महत्त्वाची. लहान कंपनीत यासाठी एक साधी एक्सेल शीट पुरते : कोणत्या संगणकावर काय आहे, कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या परवान्यावर. नवा माणूस रुजू झाला, किंवा आर्थिक वर्ष संपून उलाढालीचा आकडा हाती आला, की ती शीट उघडून व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटीची पाच जणांची आणि दहा लाख डॉलरची मर्यादा पुन्हा पडताळून पाहावी.